‘बघू पुढचं पुढे’ आणि ‘आधी सगळं ठरवू’: ही दोन माणसं एका घरात कशी नांदतात?

सावधपाऊल

बरेच दिवस लिहू की नको चाललं होतं, आज लिहूनच टाकते. लांबेल, आधीच सांगते.

नवऱ्याला चार महिन्यांची सायकल सफर करायची आहे. एकट्याने. नोकरी सोडून, कारण एवढी रजा मिळणार नाही हे तो ऑफिसात विचारूनच आलाय. चौदा वर्षं एका जागी काढली, आता बास, परत आल्यावर बघू काय ते, असं म्हणतो. हे ‘बघू’ ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो.

मी कशी आहे ते सांगते म्हणजे अंदाज येईल. घराबाहेर पडताना कुलूप ओढून बघते, चार पायऱ्या उतरते आणि परत वर जाऊन ओढून बघते. आमच्या सगळ्या कागदपत्रांची एक निळी फाईल आहे, कुठलं पान कुठे आहे ते झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. गाडी सुटायच्या तासभर आधी मी फलाटावर असते, नवरा गाडी हलायला लागली की चढतो आणि वर ‘बघ, मिळाली की नाही’ म्हणतो. अठरा वर्षं झाली लग्नाला, त्याची एकही गाडी चुकलेली नाही, हा त्याचा पुरावा. माझं म्हणणं, चुकली नाही कारण मी आधीच आत बसून फोनवर त्याला फलाट नंबर आणि डबा सांगत असते, हे कोण धरणार हिशोबात?

गेल्या आठवड्यात त्याने टेबलावर नकाशा पसरला, चांगला कागदी, आणि पेन्सिलने मुक्काम आखत बसला. मी काही न बोलता निळी फाईल आणून नकाशाच्या कोपऱ्यावर ठेवली, विम्याची पानं वर येतील अशी. त्याने काही न बोलता ती जरा सरकवली, कारण तिच्याखाली त्याचे पहिले तीन मुक्काम गेले होते. मी परत सरकवली. असं चारेक वेळा झालं. मुलगी बघत होती, म्हणाली तुम्ही दोघं बुद्धिबळ खेळताय का. हसू आलं, पण दोघांनाही पुरतं आलं नाही.

त्याने जावं की न जावं हे मला विचारायचं नाहीये. मला विचारायचंय की दरवेळी ब्रेक मीच का? मित्रांत, नातेवाइकांत तो ‘काय मोकळा माणूस’ आणि मी ‘तिला जरा टेन्शन घ्यायची सवयच आहे’. या भूमिकेचा मलाच कंटाळा आलाय आता. तुमच्या घरात, ग्रुपमध्ये अशा जोड्या असतीलच. कसं जमवता?

ओसरीवरून

वाचतेय. आमच्याकडे उलट आहे, उडी मारणारी मी आणि पाण्याची खोली मोजणारा नवरा. सविस्तर नंतर, मोबाईलवरून टंकतेय.

कुंपणावरचा

मस्त धागा. त्या फाईल-नकाशावरून आठवलं. मायकेल बालिंट नावाचा मूळचा हंगेरियन मनोविश्लेषक होता, त्याने १९५९ मध्ये ह्याच दोन स्वभावांना नावं दिली होती, ऑक्नोफिल आणि फिलोबॅट. शब्द जिभेला जड आहेत, सोडून द्या, पण कल्पना भारी आहे. पहिल्या प्रकारच्या माणसाला वस्तू आणि माणसं म्हणजे आधार, आणि दोन आधारांच्या मधली मोकळी जागा म्हणजे भीती. दुसऱ्याला ती मधली मोकळी जागाच आवडते, वस्तू आणि माणसं त्याला वाटेतली अडगळ वाटतात, जपून वळसा घालून जायचं त्यांना. म्हणजे सावधताई, फाईल एकच, तुम्हाला ती कठडा वाटते आणि त्याला नकाशावर ठेवलेला दगड.

बालिंटने थराराचीही फोड केलीय, मला ती जास्त आवडते. एक, बाहेर खरा धोका आहे हे माहीत असणं. दोन, तरी आपणहून त्यात शिरणं. आणि तीन, आपण निभावून सुखरूप परत येऊ ही मनातली आशा. तिसरी गोष्ट धाडसी लोक बोलताना गाळतात. परत यायला जागाच नसेल तर त्याला सफर म्हणत नाहीत, परागंदा होणं म्हणतात. तारेवरची कसरत करणाऱ्याच्याही हातात काठी असतेच की, बालिंटच्या मते ती काठी म्हणजे त्याने सोबत घेतलेला आधारच.

भटकभवानी

मी तुमच्या नवऱ्याच्या पार्टीतली, त्यामुळे थोडं टोचेल, हलकेच घ्या.

माझा जोडीदार अतिशय प्रेमळ माणूस. पण मी काहीही ठरवलं की त्याचा पहिला शब्द ‘पण’. पण पाऊस आला तर, पण गाडी बंद पडली तर, पण तिथे रेंज नसेल तर. आणि प्रत्येक प्रश्न रास्त असतो हो, तेच तर दुखणं आहे, चुकीचा असता तर भांडता आलं असतं. दहा रास्त प्रश्न संपेपर्यंत माझी जायची इच्छाच विझलेली असायची. मग मी सांगणं बंद केलं. ‘पाच जणी आहोत’ म्हणून सांगायचं आणि एकटीने निघायचं. असं दोनदा केलं. दुसऱ्या वेळी उतरताना पाय मुरगळला, घोटा टम्म सुजला, आणि एका दगडावर बसून मी पहिला विचार काय केला असेल? फोन कोणाला करू हा नाही. त्या उरलेल्या चौघींची नावं त्याला काय सांगितली होती, हा!

लंगडत तीन तास उतरले. त्या तीन तासांत डोक्यात प्रकाश पडला की त्याच्या काळजीतून सुटायच्या नादात मी खरा धोका वाढवून ठेवलाय, कारण त्या क्षणी मी कुठे आहे हे जगात एकाही माणसाला ठाऊक नव्हतं. घरी येऊन खरं सांगितलं. तो चिडला नाही, गप्प झाला, ते जास्त लागलं.

आता आमच्यात असं ठरलंय की पहिले चोवीस तास ‘पण’ काढायचा नाही. मी प्लॅन सांगायचा, त्याने ऐकायचा, फार तर किती वाजता निघणार एवढं विचारायचं. दुसऱ्या दिवशी त्याने त्याचे सगळे ‘पण’ कागदावर द्यायचे आणि मी प्रत्येकाचं उत्तर द्यायचं. ‘बघू’ हे उत्तर धरत नाही. सुरुवातीला त्याची यादी दीड पानाची यायची, आता अर्ध्या पानावर आलीय. त्याला भीती कमी वाटते म्हणून नव्हे, निम्म्या गोष्टी मीच आधी करून ठेवते म्हणून.

सावधपाऊल

भटकभवानी, टोचलं नाही, लागलं. मुलगी हल्ली मला मैत्रिणींबरोबरचे प्लॅन ठरून गेल्यावरच सांगते. मला वाटायचं वय आहे तिचं. आता वाटतंय की माझ्या ‘पण’चा गठ्ठा तिलाही चुकवायचा असणार.

एकओळी

चार महिने घरात शांतता मिळणार आहे आणि तुम्ही धागा काढताय? बायकोला लिंक पाठवतो.

दोरकरी

मी चढाईतला माणूस, मला कळतच नाही लोक ‘धाडसी विरुद्ध सावध’ असा सामना का लावतात. दोराच्या वरच्या टोकाला लीड करणारा, म्हणजे पुढे चढणारा, आणि खालच्या टोकाला बिले (belay) देणारा, म्हणजे खालून त्याचा दोर सांभाळणारा. वरच्याचे फोटो येतात, खालचा फोटोत आलाच तर हेल्मेटचा एक तुकडा. पण बिले देणं म्हणजे नुसतं खाली उभं राहणं समजू नका. वरचा क्लिप करायला, म्हणजे दोर भिंतीवरच्या कडीत अडकवायला, दोर खेचतो त्या क्षणी हातभर दोर सोडावा लागतो, नाहीतर त्याचा तोल जातो, आणि क्लिप झालं की जास्तीचा लगेच परत घ्यावा लागतो. दोर सतत ताणून धरणारा म्हणजे नवशिका, त्याला वाटतं आपण जास्त सुरक्षित ठेवतोय आणि प्रत्यक्षात तो वरच्याला भिंतीवरून खाली ओढत असतो. ब्रेकचा हात मात्र दोरावरून सुटत नाही, कधीच म्हणजे कधीच नाही. आणि निघायच्या आधी दोघंही एकमेकांची गाठ, एकमेकांचं बकल तपासतात, वीस वर्षं चढणारा असला तरी, आणि त्यात कोणाला ‘माझ्यावर विश्वास नाही का’ वगैरे वाटत नाही. त्यामुळे ‘मी ब्रेक’ असं तुम्ही रडक्या सुरात लिहिलंय ते मला पटलं नाही, आमच्यात तो मान आहे.

अवांतर, धाडसी लोकांचा बाप घ्या, रोआल्ड अमुंडसेन, १४ डिसेंबर १९११ ला दक्षिण ध्रुवावर पोचलेला. त्याची तयारी तुमच्या निळ्या फाईलला लाजवेल अशी. ८०, ८१ आणि ८२ अक्षांशांवर आधीच रसद नेऊन ठेवली, आणि तो ढीग हुकू नये म्हणून वाटेला आडवे, दोन्ही बाजूंना कित्येक किलोमीटर, नंबर घातलेले झेंडे रोवले. धुक्यात भरकटून कुठल्याही एका झेंड्यापाशी आलात तरी रसद कुठल्या अंगाला आणि किती लांब ते कळलं पाहिजे.

पण ह्याच माणसाने त्याआधी, ८ सप्टेंबर १९११ ला, त्याचा ब्रिटिश प्रतिस्पर्धी स्कॉट पुढे जाईल ह्या धास्तीने थंडी ओसरायच्या आत कूच केलं होतं. पारा उणे पन्नासच्या खाली गेला, परत फिरावं लागलं, आणि परतीत अमुंडसेन पुढे निघून गेला. मागे पडलेल्या प्रेस्ट्रुड ह्या साथीदारासाठी तुकडीतलाच यालमार योहानसेन थांबला आणि त्याला तळावर घेऊन आला. दुसऱ्या दिवशी योहानसेनने सगळ्यांसमोर म्होरक्याला सुनावलं. बोलला त्यात चूक काहीच नव्हतं. आणि ध्रुवावर जाणाऱ्या तुकडीतून नाव कोणाचं कापलं गेलं? योहानसेनचं. धाडसी टोळीत सावध माणसाचं बोलणं बरोबर निघणं हाच त्याचा गुन्हा होतो कधीकधी. अमुंडसेन माझा हिरो आहे, तरी हे प्रकरण मला घशाखाली उतरत नाही.

ओसरीवरून

» त्यात कोणाला ‘माझ्यावर विश्वास नाही का’ वगैरे वाटत नाही

हे वाक्य प्रिंट काढून घरात लावते. आमची निम्मी भांडणं ह्या एकाच वाक्यावर होतात. तो विचारतो गाडीची हवा बघितलीस का, आणि मला ऐकू येतं की तुला काही कळत नाही.

मोहोळ

मी हौसेने मधमाश्या पाळतो, त्यामुळे माझी गाडी तिकडेच जाणार, क्षमस्व.

वसाहत मोठी झाली की जुनी राणी हजारो माश्या घेऊन बाहेर पडते आणि हा सगळा लवाजमा एखाद्या फांदीला झुबका करून लटकतो. घर नाही, दार नाही. आता नवी जागा शोधायला सगळ्या जातात का? नाही. हजारोंतल्या काही शेच फक्त, ह्यांना स्काउट म्हणतात. त्या ढोल्या बघून येतात आणि नाचून सांगतात. हा नाच वाचायला आपल्याला कार्ल फॉन फ्रिशने शिकवलं, त्याला १९७३ चं नोबेल होतं. जागा जितकी चांगली तितका नाच लांब. पण एकीच्या सांगण्यावरून थवा उठत नाही, दुसऱ्या स्काउट जाऊन स्वतः ढोली बघतात, पटली तरच नाचतात. आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट अशी की जागा कितीही भारी असली तरी प्रत्येक फेरीगणिक त्या माशीचा नाच आखूड होत जातो आणि शेवटी बंद पडतो. आपल्या ग्रुपमधल्या उत्साही लोकांत ही सोय असती तर!

बाकीच्या हजारो माश्या नुसत्या लटकलेल्या दिसतात, बघणाऱ्याला वाटतं आळशी. पण झुबक्याची ऊब त्या राखत असतात, ती गेली तर स्काउटनी आणलेली बातमी ऐकायला कोणी उरणार नाही.

पक्ष्यांतही आहे. ग्रेट टिट म्हणून चिमणीच्या आकाराचा पक्षी, नेदरलँड्समध्ये त्यांच्यावर बरीच वर्षं काम झालं, २००४ मध्ये निष्कर्ष छापले गेले. काही पक्षी नव्या जागेत सोडलं की धडाधड सगळं हुंगून येतात, काही एका फांदीवर बसून अंदाज घेतात. जगतं कोण? तर ते वर्षावर अवलंबून. बीचच्या झाडाला बिया भरपूर आल्या की एका स्वभावाचे जास्त तगतात, टंचाई असली की दुसऱ्या, आणि त्यातही नरांचं एक तर माद्यांचं बरोबर उलट. म्हणून दोन्ही स्वभाव पिढ्यानपिढ्या शिल्लक राहतात.

हिशोबनीस

मोहोळ, माहिती छान, पण माश्या सगळ्या बहिणी आहेत. ढोली चुकली तर सगळ्यांचंच बुडतं. माणसांत तसं नसतं, आणि ह्या धाग्यात सगळे स्वभाव स्वभाव करतायत, हिशोबाचं कोणी बोलतच नाहीये.

पहिली गोष्ट, धाडसी माणूस असा सरसकट प्रकार नसतो. एल्के वेबर ह्या मानसशास्त्रज्ञ बाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये जोखमीची प्रश्नावली केली तीच मुळी पाच खात्यांत, पैसा, तब्येत आणि सुरक्षितता, मौजमजा, नैतिक आणि सामाजिक. एकच माणूस एका खात्यात शूर आणि दुसऱ्यात ससा असतो. मी स्वतः शेअर बाजारात बेधडक आहे आणि अनोळखी माणसाला पत्ता विचारायचा तर मला घाम फुटतो, दोन चौक चुकतो पण विचारत नाही. सावधपाऊल, तुम्ही इथे अनोळखी लोकांसमोर घरातली गोष्ट मांडलीत, तुमचा नवरा मांडेल का? मला नाही वाटत.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. काहनेमन आणि त्वेर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडलं की गमावल्याचं दुःख त्याच मापाच्या कमाईच्या आनंदापेक्षा जड असतं. ठीक. पण घरात आनंद एकाला मिळतो आणि गमवायची भीती दुसऱ्याला वाहावी लागते, तेव्हा काय? तो चार महिने सायकलवर असताना तुमचा पगार चालू असणार, मुलीच्या शाळेत जायला तुम्ही असणार, रात्री-अपरात्री फोन वाजला तर उचलायला तुम्ही असणार. त्याच्या नकाशावर ह्यातलं काय आखलंय? माझ्या मते ‘सावध’ म्हणून ज्यांना हिणवतात त्यातले निम्मे लोक मुळात सावध नसतातच, घरातली सगळी जोखीम घेण्याची ऐपत दुसऱ्याने आधीच वापरून टाकलेली असते म्हणून त्यांच्या वाट्याला सावधपणा येतो. घरात दोन उड्यांपुरती गादी असेल आणि एकाने दोन्ही मारल्या तर दुसरा काठावर बसणारच.

म्हणून एक विचारतो, उत्तर इथे नाही दिलंत तरी चालेल. गेल्या अठरा वर्षांत तुम्ही तुमची कुठली उडी रद्द केलीत? आणि ते त्याला माहीत आहे का?

भटकभवानी

+१. आणि आई गं. माझ्या जोडीदाराला हे मी आजवर विचारलेलं नाही.

दोरकरी

हिशोबनीस, गादीचं पटलं, पण सरसकट नको. काही माणसांना खरंच चढायचं नसतं, बिले द्यायलाच आवडतं. त्यांना ‘तुझ्या दबलेल्या इच्छा’ म्हणून उकरत बसू नका.

हिशोबनीस

मान्य. विचारा म्हणतोय, उकरा म्हणत नाहीये.

चाकजोड

नवरा-बायकोचं चाललंय पण मूळ धाग्यात ग्रुपचंही विचारलंय म्हणून लिहितो. आमचा सायकल ग्रुप ह्याच भानगडीत फुटला होता. एक जण उतारावर जोरात पडला, खांद्याचं हाड मोडलं, आणि पुढच्या बैठकीत काळजीवाल्या मंडळींनी नियमांचा पाऊस पाडला. वेगमर्यादा, फॉर्म, आणीबाणीचे नंबर, दोन दिवस आधी नावनोंदणी, पावसाची शक्यता दिसली तर राईड रद्द. वेगवाले वैतागून बाहेर पडले, त्यांनी वेगळा ग्रुप केला, नियम शून्य. काय झालं? आमचा ग्रुप राईडबद्दल बैठका घेणारा ग्रुप झाला, तीन महिन्यांत राईड दोन आणि बैठका सात. आणि त्यांच्या ग्रुपमध्ये नवा माणूस टिकेना, कारण मागे राहिला की थांबायला कोणी नाही. एकदा त्यांचा एक मुलगा पंक्चर होऊन दीड तास एकटा बसला, पंप पुढे गेलेल्याच्या बॅगेत.

परत एकत्र आलो ते मोठं मन वगैरे करून नाही, गरजेपोटी. आता एक भेद पाळतो आणि तो फार कामाला येतो. ज्या जोखमीत फक्त तुमचं हाड मोडणार ती तुमची, आम्ही एकदा सांगणार आणि गप्प बसणार. ज्या जोखमीत दुसऱ्याला ओढलं जाणार, म्हणजे ट्रॅफिकमध्ये शेजारी शेजारी चालवणं किंवा ब्रेक न तपासता घोळक्यात शिरणं, तिथे ज्याला ओढणार त्याला विचारायचं, आणि त्याचा नकार म्हणजे नकार. परत फिरायची वेळ निघायच्या आधी ठरते, ताज्या डोक्याने, शिखर दिसत असताना ती बदलता येत नाही. पुढे लीड आणि सगळ्यात मागे स्वीप, स्वीपच्या पुढे सगळे, मागे कोणी नाही. आणि हा खरा उपाय, लीडवाल्याला महिन्यातून एकदा स्वीप करावं लागतं. पहिल्यांदा मागे राहिलो तेव्हा मला कळलं की मागच्या दहा जणांना पुढच्याचा वेग कधी दिसतच नाही, फक्त आपण कमी पडतोय हे दिसतं.

आमच्यात एक बाई होत्या, त्यांना आम्ही पाठीमागे ‘तपासणी नाका’ म्हणायचो. निघायच्या आधी सगळ्यांच्या सायकली बघत फिरायच्या. एका पहाटे त्यांनी एकाच्या फोर्कला, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दांड्याला, गेलेली केसाएवढी चीर पकडली. त्या दिवशी चौदा किलोमीटरचा उतार होता. टोपणनाव तेच राहिलंय, पण आता तोंडावर म्हणतो.

कुंपणावरचा

लीड-स्वीपवरून आठवलं, ब्रूक फीनी म्हणून संशोधक आहेत, त्यांचा २००७ चा अभ्यास आहे जोडप्यांवर. ज्यांचा जोडीदार ‘माझ्यावर अवलंबून राहिलास तरी चालेल’ अशा पद्धतीने वागतो ते पुढे कमी नाही, जास्त स्वतंत्रपणे वागताना दिसले. लहान मुलांबद्दल बोल्बी आणि एन्सवर्थ हे मुलांच्या जिव्हाळ्याचे अभ्यासक हेच म्हणत होते, आई खोलीत आहे ही खात्री असली की पोर खोलीभर फिरतं, खात्री नसली की पदर सोडत नाही. सावधताई, तुमचा नवरा गाडी सुटताना चढतो त्यामागचं शास्त्र एवढंच असावं. आत तुम्ही आहात.

सावधपाऊल

हे कौतुक आहे की टोमणा तेच कळेना :)

जुनंखोड

वयाने इथे सगळ्यांत मोठा असेन म्हणून चार ओळी. स्वभाव दगडावरची रेघ नसतो. झुकरमन म्हणून मानसशास्त्रज्ञ गृहस्थ होते, थरार शोधण्याच्या वृत्तीची मोजपट्टी त्यांनी १९६४ मध्ये केली, त्यावर पुढे झालेल्या कामात दिसतं की ती वृत्ती ऐन तारुण्यात शिगेला असते आणि मग उतरत जाते. माझी तशीच उतरली. बायकोची मात्र शास्त्राला न जुमानता चढली. आयुष्यभर मला ‘जपून’ म्हणणारी ही बाई, मुलं मार्गी लागल्यावर अठ्ठावन्नाव्या वर्षी पोहायला शिकली आणि आता खोल बाजूला उडी मारते. मी काठावर टॉवेल घेऊन उभा असतो आणि माझ्या तोंडून ‘जपून’ निघतं. पहिल्यांदा निघालं तेव्हा ती पाण्यातून इतकी हसली की नाकात पाणी गेलं. तिचं तेहतीस वर्षांचं काम किती कंटाळवाणं आणि किती घाबरवणारं होतं हे मला त्या काठावर कळलं. फार उशिरा कळलं, तुम्ही लवकर जागा बदलून बघा.

सावधपाऊल

दोन आठवड्यांनी येतेय. सगळ्यांचे प्रतिसाद त्याला वाचायला दिले, तुमच्या परवानगीशिवाय, रागावू नका. त्याला दोरकरींचं आवडलं, मला हिशोबनीसांचं. ह्यातच काय ते आलं.

आधी भटकभवानीची पद्धत करून बघितली. चोवीस तास गप्प बसले, खरंच बसले, त्यात दोनदा जीभ चावली. दुसऱ्या दिवशी यादी दिली, तेवीस ‘पण’. त्याने एकोणीसची उत्तरं लिहिली, नीट, वेळ घेऊन. चार ठिकाणी ‘बघू’ होतं ते लाल पेनाने गोल करून परत दिलं. त्यावर तो जे बोलला ते मला अपेक्षित नव्हतं. म्हणाला, ह्या चार गोष्टींनी मीपण रात्री तीनला जागा होतो, तुला सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस मग जाऊ नकोस. अठरा वर्षं मला वाटत होतं ह्याला भीतीच वाटत नाही.

मग हिशोबनीसांचा प्रश्न. सहा वर्षांपूर्वी मला एका पूर्णवेळ कोर्सला प्रवेश मिळाला होता. पत्र आलं होतं. त्याच महिन्यात त्याचं ऑफिस बदलायचं चाललं होतं, घरात एक पगार तरी पक्का हवा म्हणून मी ते पत्र निळ्या फाईलमध्ये, अगदी मागच्या कप्प्यात ठेवलं आणि कोणाला बोलले नाही. परवा काढून दाखवलं. तो बराच वेळ वाचत बसला, एका पानाचंच आहे. म्हणाला मला वाटायचं तुला असंच आवडतं, एका जागी. मी म्हटलं मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

तर ठरलंय असं की तो चार महिने जाणार, परत आल्यावर दीड वर्ष घराची पगाराची बाजू त्याची, मिळेल ती नोकरी धरून, आणि मी कोर्सला पुन्हा अर्ज करणार. कागदावर लिहिलं, दोघांनी सही करायची होती. त्याने पटकन केली. माझा पेन तसाच राहिला. आता कोर्स कठीण गेला तर, वय जास्त आहे, सगळी मुलं लहान असतील, एवढ्या वर्षांनी नोकरी सोडायची, हे सगळं एकदम आलं. म्हणजे आजवर त्याच्या नावाने बिल फाडत होते त्यातला काही भाग माझाच होता, हे लिहायला बरं वाटत नाहीये पण आहे. शेवटी सही केली. दुसऱ्या दिवशी.

हिशोबनीस

चोवीस तास ‘पण’ नाही हा नियम स्वतःच्या बाबतीतही लागू करा म्हणजे झालं.

भटकभवानी

भारीच! पण सरळ चार महिने? आधी ट्रायल वगैरे काही?

सावधपाऊल

केली ना, तीन दिवसांची, ह्याच शनिवारी परत आला. रोज रात्री नऊला मेसेज करायचा असं ठरलं होतं. पहिल्या रात्री तो नऊ चाळीसला आला. मी फोन केला नाही. कपाट आवरलं.

एकओळी

कोणाचं?

सावधपाऊल

त्याचं. हरवलेल्या तीन पंपांपैकी दोन सापडले.